शेवटी येईल ते जिंकतं

प्रफुल्ल उमाठेकडे एक गेम होता आणि तो त्यानं कधी खेळला नाही. नुसता मांडला.

गेम त्याच्या कम्प्युटरवर होता, व्यवस्थित चालू व्हायचा. पडद्यावर किल्ला दिसायचा, घोडा दिसायचा, घोड्यावर बसलेला तलवारवाला उमाठेही दिसायचा. घोडा किल्ल्याच्या दारातून निघून नदीवरच्या पुलापर्यंत जायचा, तिथून मागं फिरायचा आणि खुर्चीतला उमाठे मान हलवून म्हणायचा, "जमून नाही राहिलं." की गेम बंद. मग दुसरी एक खिडकी उघडायची, तिच्यात एक लांबलचक यादी, आणि हे वर घे, ते खाली घे. शनिवारची अख्खी दुपार अशी जायची. माझा नवरा समीर शेजारी चिप्स खात बसलेला असायचा, आता तरी हा लढाई सुरू करेल या आशेवर. लढाई कधी झाली नाही. चिप्स मात्र संपायचे.

आम्ही तेव्हा टेक्ससमध्ये, अर्विंगला राहायचो. आमच्या अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये सगळ्या गाड्या सारख्या आणि जिन्यात सगळ्या फोडण्या वेगळ्या. समीर आणि उमाठे एकाच प्रोजेक्टवर होते. मी डिपेन्डन्ट व्हिसावर, म्हणजे घरी बसण्याची सरकारी परवानगी मिळालेली. पुण्यात कॉलेजात पोरांना शिकवत होते, इथं कुकरच्या शिट्ट्या मोजत होते. त्यामुळे खालच्या मजल्यावर राहणारा हा नागपूरचा सडाफटिंग माणूस माझ्या करमणुकीचा मोठा भाग झाला होता.

पहिल्यांदा जेवायला आला तेव्हाच त्यानं माझं डोकं फिरवलं. मी कागदी प्लेटमध्ये सगळं वाढून त्याच्या हातात दिलं. तो प्लेटकडे बघत उभाच राहिला.

"वहिनी, राग नका मानू. पण चटणी उजवीकडे काहून?"

आता पुण्याच्या बाईला ताटाचं डावं-उजवं नागपूरकरानं शिकवायचं म्हणजे काय! मी म्हटलं, "कागदी प्लेटला डावं-उजवं नसतं. हवी तशी फिरवून घ्या."

त्यानं खरंच फिरवली. चटणी डावीकडे आली, पण भात जाऊन बसला लिंबाच्या जागी. मग हा गृहस्थ ओट्याजवळ गेला, नवी प्लेट घेतली आणि सगळं स्वतःच्या हातानं पुन्हा वाढून घेतलं. आधी मीठ. मग लिंबू, चटणी, कोशिंबीर. मग उजवीकडे भाजी. मग मध्ये भात, भातावर वरण, वरणावर तूप. तुपापाशी आल्यावर चमचा तसाच धरून म्हणाला, "आधी क्रम, मग काम. आमचे बाबा म्हणतात."

हे बाबा म्हणजे मनोहरराव उमाठे. सरकारी कचेरीतून रिटायर झालेले, नागपूरला एकटे राहणारे. प्रफुल्लची आई तो इंजिनिअरिंगला असतानाच गेली. कचेरीत मनोहररावांना कोणी फारसं विचारत नव्हतं म्हणे, पण मोहल्ल्यातल्या कुठल्याही लग्नात पंगत त्यांच्या ताब्यात. आचारी कोणीही असो, वाढप मनोहररावांचं. मिठाच्या आधी कोणी जिलबी घेऊन पंगतीत शिरलं तर ते त्याला परत पाठवायचे, मग तो नवरीचा मामा का असेना.

तर त्या गेमचं. मला त्यातलं ओ का ठो कळत नव्हतं. एका शनिवारी मी वैतागून विचारलं, "उमाठे, हे तुमचं नक्की काय चाललंय?"

तो एकदम खुशीत आला. त्याला इतके दिवस हा प्रश्न कोणी विचारलाच नव्हता.

"हे बघा वहिनी. कंपनीनं विकला तो मूळ गेम. तो म्हणजे भात समजा. आता जगभरातले लोक आपापल्या घरून काही ना काही करून आणतात. कोणी झाडं चांगली करून देतं, कोणी पाऊस, कोणी घोड्याची आयाळ. फुकट देतात बरं का जी. त्याला म्हणायचं मॉड. चटण्या-लोणची. आणि ही जी खिडकी आहे ना, मॉड मॅनेजर, हा आपला वाढपी. कोण आधी, कोण नंतर, हे तो पाहतो."

"मग वाढा की सगळं एकदाच."

"तसं नाही ना होत! आता एकानं पूल रुंद केला. दुसऱ्यानं त्याच पुलावर कंदील लावले, पण जुन्या, अरुंद पुलावर. दोघंही त्याच पुलावर हक्क सांगून राहिले. मग कोणाचं चालेल?"

"कोणाचं?"

"शेवटी येईल त्याचं. शेवटी येईल ते जिंकतं. आधीचं सगळं त्याच्याखाली दबून जातं. म्हणून क्रम पाहावा लागतो. वरणावर तूप ठीक आहे. तुपावर वरण कोणी वाढतं का?"

हे मला पटलं, आणि पटलं याचाच राग आला.

क्रम चुकला की काय व्हायचं तेही मी पाहिलं. एकदा राजाच्या सिंहासनातून पिंपळाएवढं झाड उगवलं. एकदा सगळ्या बायकांचे केस गायब. एकदा तर गावातले झाडून सगळे लोक डोक्यापासून पायापर्यंत जांभळे झाले. कपड्याची, कातडीची चित्रं मॅनेजरला सापडली नाहीत की गेम सगळं जांभळं दाखवतो म्हणे. ते जांभळे लोक आपले बाजारात हिंडतायत, एकमेकांना वाकून नमस्कार करतायत. उमाठे जिना चढून वर आला होता सांगायला, चेहरा अगदी घरात कोणी आजारी असल्यासारखा. "वहिनी, सगळे जांभळे झाले."

तेव्हापासून आमच्या घरात कुठलीही गोष्ट बिघडली की ती 'जांभळी' व्हायची. दूध नासलं, जांभळं झालं. व्हिसाची मुलाखत पुढं गेली, जांभळं झालं.

समीरचं दुखणं वेगळं होतं. उमाठे नुसता क्रम लावत नव्हता, गेममधून एकेक गोष्ट काढूनही टाकत होता. त्यानं लांडगे बंद केले. मग दरोडेखोर काढले. मग गुहेतली भुतं.

"अबे, मग उरलं काय?" समीर ओरडला. "मारायचं कोणाला?"

"मारायचं नाही ना. फिरायचं."

"फिरायचं?"

"हो. संध्याकाळचं."

समीरनं माझ्याकडे पाहिलं. मग उमाठे जरा ओशाळून बोलला, आणि तेव्हा आम्हाला पहिल्यांदा कळलं की हा गेम तो स्वतःसाठी मांडतच नव्हता.

मनोहररावांना नागपूरला संध्याकाळी फिरायची सवय. फिरणं म्हणजे व्यायाम नाही, प्रत्येक फाटकापाशी थांबायचं, "काय चाललंय?" विचारायचं, उत्तर ऐकायचं आणि पुढच्या फाटकाशी जायचं. अर्विंगला ते आले तर फिरणार कुठं? इथं फुटपाथवर माणूस म्हणून दिसत नाही. उमाठेनं बाबांच्या वतीनं एकदा स्वतः चालून पाहिलं होतं, तर एका भल्या बाईनं गाडी थांबवून विचारलं, तुमची कार बंद पडली आहे का? गेममधल्या गावात मात्र रस्ते माणसांनी भरलेले. दुकानं सकाळी उघडतात, संध्याकाळी बंद होतात, आणि समोरून जाणारा प्रत्येक जण थांबून काहीतरी बोलतो. इंग्रजीत बोलतो, पण बोलतो.

"एकच बटन दाबून ठेवायचं, की चालत राहतं," उमाठे म्हणाला. "पुलापर्यंत जायचं आणि परत यायचं. बाबांना तेवढं पुरे आहे. फक्त मधेच कोणी जांभळं नको व्हायला. नाहीतर घाबरतील."

त्यानंतर समीरनं चिप्स आणणं बंद केलं नाही, पण लढाईचं नाव काढलं नाही.

शनिवारी सकाळी उमाठे नागपूरला फोन करायचा. त्याच्या घरात रेंज यायची नाही, म्हणून वर आमच्या बाल्कनीत येऊन. ते दिवस कॉलिंग कार्डांचे होते. भारतीय दुकानात गल्ल्यापाशी कार्डं टांगलेली असायची. मागचा चंदेरी पट्टा नखानं खरवडायचा, आकडे दाबायचे, मग एक बाई सांगायची की तुमच्याकडे इतकी मिनिटं आहेत. पलीकडून मनोहररावांचा खणखणीत आवाज मला स्वयंपाकघरापर्यंत ऐकू यायचा. फोन ठेवण्याआधी त्यांचा शेवटचा प्रश्न ठरलेला.

"मंग, येऊ का?"

आणि उमाठेचं उत्तरही ठरलेलं. "या ना बाबा. फक्त आधी..."

त्या 'आधी'ला अंत नव्हता. आधी वरच्या मजल्यावरून खालचा फ्लॅट घेऊ द्या, तुमचे गुडघे. तो झाला. आधी दोन बेडरूमचा घेऊ द्या. तोही झाला. आधी उंच सीटची गाडी. आधी बाथरूममध्ये धरायला दांडी. आधी उन्हाळा जाऊ द्या, इथलं ऊन वाईट. आधी हिवाळा जाऊ द्या. त्यानं बाबांसाठी बादलीसुद्धा शोधून आणली, आणि तांब्या मिळाला नाही तेव्हा चहाचं पातेलं. दुसऱ्या बेडरूममध्ये पलंग घालून त्यावर चादर अंथरलेली, पायाशी घडी घातलेलं पांघरूण. त्या पलंगावर कोणी बसलं तर उमाठेला आवडायचं नाही. मला सगळं दिसत होतं आणि राग येत होता. म्हातारा माणूस पासपोर्ट काढून बसलाय, आणि हा इथं ताट वाढतोय, वाढतोय, वाढतोच आहे. मी एकदा बोललेही, "अहो, बोलवा त्यांना. इथं आल्यावर लावा दांड्या."

"नाही वहिनी. अर्धवट ताटावर माणूस बसवत नाहीत."

खरंच बसवत नाहीत.

मग तो शनिवार आला. मी पोहे करत होते. बाल्कनीचं दार उघडं होतं. पलीकडून बाबांचा आवाज नेहमीपेक्षा खाली होता, त्यामुळे मला शब्द लागले नाहीत. नंतर उमाठेनंच सांगितलं, ते म्हणाले होते, "प्रफुल्ल, मी तिथं नको असेन तर तसं सांग. मला वाईट नाही वाटणार." तेवढ्यात कार्डातली बाई मध्ये बोलली, एक मिनिट राहिलं. आणि हा घाईनं, मोठ्यानं म्हणाला, तेवढं मी स्पष्ट ऐकलं:

"बाबा, तुम्ही मला इथं नको आहात..."

आणि थांबला. फोन कानावरून काढून त्याकडे बघायला लागला.

मी पळीसकट बाहेर गेले. मला वाटलं, याला झालंय काय, बापाला असं बोलतात?

"असं नाही," तो फोनला म्हणाला. मग माझ्याकडे बघून, "वहिनी, 'असं नाही' राहिलं. कार्ड संपलं. नको आहात असं नाही, म्हणत होतो मी. 'असं नाही' गेलंच नाही तिकडे."

मराठीचं हे असं आहे, आणि इतकी वर्षं बोलूनही माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं. सगळं वाक्य एकीकडे जातं आणि शेवटचा शब्द येऊन ते फिरवतो. तो शेवटचा शब्दच आला नाही तर?

आमचंही कार्ड संपलेलं होतं. आदल्या दिवशी मी आईशी बोलून संपवलं होतं. त्याच्या मोबाइलवरून थेट भारतात फोन लागत नव्हता, आणि मनोहररावांच्या फोनवरून परदेशी लागत नव्हता. दुकान अकराला उघडायचं. उमाठे त्याआधीच जाऊन दारात उभा राहिला. कार्ड आणून फोन लावला तेव्हा तिकडे मनोहरराव झोपले असावेत, घंटा वाजत राहिली. पोहे तसेच राहिले.

दुसऱ्या दिवशी फोन लागला. मी मुद्दाम आत गेले नाही, बाल्कनीच्या दारातच उभी राहिले. "बाबा, काल माझं 'असं नाही' राहिलं होतं," उमाठे पुन्हा पुन्हा सांगत होता. "तुम्ही मला नको आहात असं नाही, असं होतं ते पूर्ण."

"समजलं रे," पलीकडून आलं. "समजलं मला."

"खरंच समजलं ना?"

"अरे हो. तसेही माझे गुडघे कुठं चालतात एवढ्या लांब."

आता ते त्यांना समजलं, की त्यांनी समजून घेतलं, हे कोण सांगणार? मला एवढंच ठाऊक आहे की त्या दिवसापासून "मंग, येऊ का?" बंद झालं. उमाठे फोनच्या शेवटी त्या प्रश्नाची वाट बघायचा. प्रश्न यायचा नाही. "ठेवतो मंग," एवढंच यायचं.

आणि उमाठे फोनवर उलटं बोलायला लागला. म्हणजे शेवटचा शब्द आधी. "आवडला, स्वेटर तुम्ही पाठवलेला." "नाही विसरलो, तुमचा वाढदिवस." "या, बाबा, तुम्ही इकडे." ऑफिसातही तीच सवय लागली. पोरं टिंगल करायची, उमाठे पक्का अमेरिकन झाला, मराठीसुद्धा इंग्रजीसारखं बोलून राहिला. तो हसायचा. खिशात नेहमी दोन कोरी कार्डं असायची.

तो आता काहीही बघायला तयार नव्हता. दांड्या नकोत, ऋतू नको. "काढतो, तिकीट, बाबा, मी," असं म्हणायचा. आणि आता 'आधी' मनोहररावांनी उचललं. आधी हिवाळा जाऊ दे. आधी शेजारच्या पोरीचं लग्न होऊ दे, पंगत कोण पाहणार? आधी मोतीबिंदू. कधी रागावून नाही, अगदी प्रेमानं. क्रम लावणं मुलानं कोणाकडून उचललं ते मला तेव्हा कळलं.

लग्न झालं. पंगत उत्तम झाली म्हणे. मिठाच्या आधी कोणी काही वाढलं नाही. त्यानंतर थोड्याच दिवसांनी मनोहरराव गेले. दुपारी जेवून आडवे झाले ते उठले नाहीत. उमाठे जाऊन सगळं करून आला. आल्यावर दोन-तीन आठवडे तो आमच्याकडे जेवायला येईना. मग एका शनिवारी मीच डबा घेऊन खाली गेले.

दार उघडं होतं. दुसऱ्या बेडरूममधला पलंग तसाच, चादरीवर सुरकुती नाही. उमाठे कम्प्युटरसमोर बसला होता. यादीची खिडकी बंद होती. पडद्यावर गाव होतं, संध्याकाळचं ऊन होतं, आणि तो घोड्यावर नव्हता. पायी चालला होता. एक बटन दाबून ठेवलेलं. लोक समोरून येत होते, थांबून काहीतरी इंग्रजीत बोलत होते, तो ऐकून घेऊन पुढं जात होता. पूल आला. रुंद पूल, दोन्ही बाजूंना कंदील, सगळे आपापल्या जागी. पहिल्यांदाच तो "जमून नाही राहिलं" म्हणाला नाही.

"झालं का नीट?" मी विचारलं.

"झालं, नीट, वहिनी. एकही जांभळा नाही."

मला रडू आलं, खोटं कशाला सांगू. मी डबा टेबलावर ठेवला आणि उगीच त्याची प्लेट शोधायला लागले. मीठ काढलं. डावीकडे ठेवलं.

पुलाच्या मध्यावर त्यानं बटन सोडलं. गाव आपलं चालूच होतं. माझ्याकडे न बघता तो म्हणाला, आणि बऱ्याच दिवसांनी सरळ मराठीत म्हणाला, "वहिनी, 'असं नाही' मी दुसऱ्या दिवशी सांगितलं होतं. म्हणजे ते शेवटी आलं. मॅनेजरच्या हिशेबानं शेवटी येईल ते जिंकतं. आधीचं दबून जातं. बाबांच्याकडेही तसंच झालं असेल ना?"

मी पुण्यात कॉलेजात शिकवत होते. प्रश्नाला उत्तर देण्याआधी विचार करायची मला सवय आहे. पण त्या दिवशी मी शेवटचा शब्द आधी म्हणून टाकला.

"जिंकलं," मी म्हणाले.

पुढचं वाक्य मला अजून सुचलेलं नाही.